परळचा मान आणि कलकत्त्याचे कागद

मुंबईतील परळ येथील के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा नावाची मुलगी जन्मास आली. मातेच्या देहाबाहेर गर्भधारणा घडवून जन्मलेले भारतातील पहिले मूल म्हणून तिची नोंद झाली. लिंबायतच्या वाचकाला परळ परके नाही. खानदेशातून सुरतेस येऊन यंत्रमागांवर संसार उभे करणाऱ्यांच्या कानी हे नाव गिरण्यांमुळे पूर्वीच आलेले असते. त्याच गिरणगावातील, गोरगरिबांसाठी चालणाऱ्या महापालिकेच्या रुग्णालयात हे कार्य सिद्धीस गेले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

या यशामागे दोन संस्था होत्या. रुग्णालयाची बाजू डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी सांभाळली. प्रयोगशाळेची बाजू हाकेच्या अंतरावरील पुनरुत्पादन संशोधन संस्थेकडे होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या या संस्थेचे संचालक होते डॉ. टी. सी. आनंदकुमार. ते मूळचे प्राणिशास्त्राचे अभ्यासक. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत असताना त्यांनी माकडांच्या प्रजननचक्रावर काम केले होते, आणि नाकावाटे संप्रेरक देऊन गर्भधारणा रोखता येईल काय, याचाही शोध घेतला होता. ज्याने गर्भ न राहण्याचे उपाय शोधले, त्यानेच पुढे निपुत्रिकांसाठी गर्भ राहण्याचा मार्ग खुला करावा, यात वस्तुतः विसंगती नाही. दोन्हींचे शास्त्र एकच.

स्त्रीबीज योग्य घटकेस बाहेर काढायचे, काचपात्रात पुरुषबीजाशी त्याचा संयोग घडवायचा आणि वाढू लागलेला गर्भ गर्भाशयात ठेवायचा, ही क्रिया सांगण्यास सोपी असली तरी तिचा प्रत्येक टप्पा नोंदला गेला नाही तर जगाचा विश्वास बसत नाही. परळच्या मंडळींनी तशा नोंदी ठेवल्या. म्हणूनच त्यांच्या दाव्यास कोणी हरकत घेतली नाही.

परंतु असा दावा त्यापूर्वी एकदा झाला होता. इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊनचा जन्म झाला आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात ‘दुर्गा’ या नावाने ओळखली गेलेली मुलगी जन्मली. तिच्या जन्मामागे डॉ. सुभाष मुखोपाध्याय होते. कलकत्ता आणि एडिंबरो अशा दोन विद्यापीठांच्या डॉक्टरेट त्यांनी मिळविल्या होत्या. मात्र मुलीच्या कुटुंबास प्रसिद्धी नको होती. बंगाल सरकारने नेमलेल्या समितीतील बहुतेकांचा या विषयाशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. तिने दावा अमान्य केला. १९७९ साली मुखोपाध्यायांना जपानला जाऊन आपले काम मांडण्याची अनुमतीही मिळाली नाही. १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत करण्यात आली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. तपन सिन्हा यांच्या ‘एक डॉक्टर की मौत’ या चित्रपटामागे हीच कथा आहे.

पुढे अनेक वर्षांनी मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणे आनंदकुमारांच्या हाती आली. ती वाचणारा माणूस त्या शास्त्राचा जाणता होता आणि त्या टिपणांत तथ्य निघाले तर ‘पहिलेपणा’ गमावणाराही तोच होता. टिपणांत त्यांना काय आढळले? मुखोपाध्यायांनी संप्रेरके देऊन एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे परिपक्व केली होती. पोट न उघडता योनिमार्गे ती बाहेर काढली होती. गर्भ गोठवून ठेवून नंतरच्या ऋतुचक्रात गर्भाशयात सोडला होता. गोठविण्याविषयीचे एक छोटे टिपण १९७८ मध्येच अतिशीत विज्ञानाच्या एका भारतीय नियतकालिकात छापले गेले होते. एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांना लुईसच्या वेळी यांपैकी काहीही करावे लागले नव्हते. गोठविलेल्या गर्भापासून ऑस्ट्रेलियात मूल जन्मले ते १९८४ साली. जी पद्धत जगाने पुढे सर्वत्र स्वीकारली, तिच्याशी कलकत्त्याच्या कागदांचे असे साम्य होते. ज्याला हे अगोदरच माहीत नव्हते, त्याला ते लिहिताही आले नसते.

१९९७ मध्ये कलकत्त्यातील परिषदेत आणि त्यानंतर एप्रिलच्या ‘करंट सायन्स’मध्ये आनंदकुमारांनी जाहीरपणे सांगितले की, भारतातील पहिल्या परीक्षानलिका-बालकाचे शिल्पकार डॉ. मुखोपाध्याय होत. पूर्ण दस्तऐवजांनी सिद्ध असलेला पहिला जन्म हर्षाचाच, हे त्यामुळे बदलत नाही. हिंदुजांच्या कर्तृत्वासही उणेपणा येत नाही. पण पहिलेपणाचा मान असा आपण होऊन सोडणारे किती निघतील? आनंदकुमारांवर तो सोडण्यासाठी कोणाचीही सक्ती नव्हती, कारण मुखोपाध्यायांना जाऊन तेव्हा सोळा वर्षे लोटली होती.

आनंदकुमार २०१० साली निवर्तले. परळची ती संस्था नव्या नावाने आजही त्याच रस्त्यावर आहे. २००३ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, दुर्गा स्वतःच्या खऱ्या नावानिशी लोकांसमोर आली आणि आपल्या जन्माचे श्रेय तिने डॉ. मुखोपाध्यायांना दिले.