कागदाचा उगम आणि हरवलेले घर : स्थलांतरितांच्या कोलाजकलेचे ऐतिहासिक वाचन

प्रस्तावना

स्थलांतराचा इतिहास लिहिताना अभ्यासक सामान्यतः जहाजांच्या प्रवासी याद्या, नागरिकत्वाचे दाखले, जनगणनेचे अहवाल, खासगी पत्रव्यवहार आणि मौखिक साक्षी यांचा आधार घेतात. या साधनांवरून माणूस कोठून निघाला आणि कोठे पोहोचला हे कळते. वाटेत त्याच्याकडून काय सुटले हे मात्र क्वचितच कळते. मागे राहिलेली ट्रंक, भिंतीवरची छायाचित्रे, आईवडिलांची पत्रे यांची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात होत नाही. विसाव्या शतकात विकसित झालेली कोलाज ही कला या उणिवेच्या संदर्भात एक दुर्लक्षित ऐतिहासिक साधन ठरू शकते.

‘चिकटवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून ‘कोलाज’ हा शब्द आला. इ.स. १९१२ मध्ये पाब्लो पिकासो आणि जॉर्ज ब्राक यांनी मेणकापड, भिंतीचा छापील कागद, वर्तमानपत्राचे कात्रण अशा वस्तू चित्रात चिकटवल्या आणि आधुनिक कलेत या पद्धतीला प्रतिष्ठा मिळाली. इतिहासाच्या दृष्टीने तिचे वेगळेपण असे की, चित्रातील कागद हा रंगासारखा निनावी नसतो. त्यावर एखादी भाषा असते, किंमत असते, गावाचे नाव असते, कधी तारीखही असते.

स्थलांतरित कलावंताच्या कोलाजविषयी लिहिताना, या कलेमुळे तुटलेली ओळख पुन्हा सांधली जाते, असे पुष्कळदा म्हटले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. कोलाज हरवलेला वारसा परत मिळवून देत नाही. कलावंताच्या हाती कोणता कागद उरला होता, याची ते साक्ष देते. म्हणून ‘चित्रात काय दिसते?’ या प्रश्नाआधी ‘हा कागद आला कोठून?’ हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. कुर्ट श्विटर्स, रोमेर बिअर्डन आणि विवान सुंदरम या तीन कलावंतांच्या आधारे हे प्रतिपादन येथे तपासले आहे.

कुर्ट श्विटर्स : नव्या देशाचे कागद

कुर्ट श्विटर्स यांचा जन्म १८८७ मध्ये जर्मनीतील हानोफर येथे झाला. पहिल्या महायुद्धानंतर पराभूत आणि आर्थिकदृष्ट्या खचलेल्या जर्मनीत त्यांनी रस्त्यावरची तिकिटे, वेष्टने, जाहिरातींचे कपटे यांपासून चित्रे रचण्यास सुरुवात केली. एका बँकेच्या जाहिरातीतील ‘कोमर्त्स’ या शब्दाचा कापलेला उत्तरार्ध ‘मेर्त्स’ हेच त्यांनी आपल्या कलेचे नाव ठरवले. आईवडिलांच्या मालकीच्या, वाल्डहाउझेन रस्त्यावरील घरात त्यांनी १९२० च्या दशकात ‘मेर्त्सबाउ’ ही रचना उभारण्यास आरंभ केला. सापडलेल्या वस्तू, मित्रांच्या आठवणींची चिन्हे, लाकूड व प्लास्टर यांची ही रचना वाढत वाढत त्या घराच्या अनेक खोल्यांत पसरली. वडिलोपार्जित घर आणि कलाकृती यांत भेद उरला नाही.

नाझी राजवटीत या कलेला स्थान नव्हते. जानेवारी १९३७ मध्ये श्विटर्स नॉर्वेला निघून गेले. त्यांचा मुलगा एर्न्स्ट काही दिवस आधीच तेथे पोहोचला होता. पत्नी हेल्मा घर व मालमत्ता सांभाळण्यासाठी हानोफरला राहिली. त्याच वर्षी म्युनिक येथे भरलेल्या ‘अधःपतित कला’ या प्रदर्शनात श्विटर्स यांच्या कलाकृती चेष्टेचा विषय म्हणून मांडण्यात आल्या. एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्याने नॉर्वेवर आक्रमण केले, तेव्हा ते उत्तरेकडे पळाले आणि जून महिन्यात जहाजाने स्कॉटलंडला पोहोचले. जर्मनीने ज्यांना नाकारले होते, त्यांना ब्रिटनने जर्मन म्हणून ‘शत्रुदेशीय’ ठरवले. आइल ऑफ मॅन या बेटावरील हचिन्सन छावणीत त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. तेथून त्यांची सुटका नोव्हेंबर १९४१ मध्ये झाली.

सुटकेनंतर ते लंडनमध्ये आणि १९४५ पासून इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील अँबलसाइड या गावी राहिले. या काळातील कोलाजांत बसची तिकिटे, इंग्रजी मिठाईची वेष्टने, युद्धकाळातील छापील मजकूर असे कागद आढळतात. कापण्याची आणि मांडण्याची पद्धत हानोफरमधील चित्रांशी नाते राखून आहे. कागदांची भाषा मात्र बदललेली आहे. हात तोच, रीत बरीचशी तीच आणि कागद परका, अशी तुलना इतिहासकाराला क्वचितच उपलब्ध होते. जन्मगावाचे जे कागद एकेकाळी पायाशी पडलेले असत, ते आता दुर्मीळ झाले होते.

मागे राहिलेल्या घराचे काय झाले? ऑक्टोबर १९४३ मध्ये हानोफरवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात ते घर मेर्त्सबाउसह नष्ट झाले. पुढच्याच वर्षी हेल्मा कर्करोगाने मरण पावली. १९४७ मध्ये श्विटर्स यांच्या साठाव्या वाढदिवसाच्या सुमारास न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडून त्यांना १००० डॉलरचे साहाय्य जाहीर झाले. जुन्या रचनेच्या पुनर्निर्मितीचा विचार त्यामागे होता. पण प्रकृती ढासळलेली होती आणि परत जाण्यासाठी घर उरले नव्हते. ती रक्कम त्यांनी एल्टरवॉटर येथील एका दगडी कोठारात नवी रचना उभारण्यासाठी वापरली. ही रचनाही अपुरी राहिली. ८ जानेवारी १९४८ रोजी त्यांचे निधन झाले. ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झाल्याचे पत्र त्याच्या आदल्या दिवशी आले होते.

१९४७ मधील ‘फॉर केटे’ हे कोलाज या संदर्भात उल्लेखनीय आहे. हानोफरमधील त्यांची मैत्रीण केटे श्टाइनिट्झ १९३६ मध्ये अमेरिकेला गेली होती. तिने पाठवलेल्या अमेरिकन चित्रकथांची कात्रणे या चित्रात आहेत. एका गावातून उठून दोन खंडांत विखुरलेल्या माणसांचा संबंध येथे तिसऱ्याच संस्कृतीच्या छापील कागदातून टिकलेला दिसतो. त्यात हानोफर कोठेही नाही. तरीही ते कोलाज हानोफरमधल्या मैत्रीविषयीच बोलते.

रोमेर बिअर्डन : छापील कागदातून स्मरण

दुसरे उदाहरण देशांतराचे नसून देशांतर्गत स्थलांतराचे आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून १९७० पर्यंत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय अमेरिकन दक्षिणेकडील राज्ये सोडून उत्तर व पश्चिमेकडील शहरांत गेले. हे ‘महास्थलांतर’ वंशभेदाचे कायदे, हिंसा आणि शेतीतील शोषण यांमुळे घडले. रोमेर बिअर्डन यांचा जन्म १९११ मध्ये उत्तर कॅरोलिनातील शार्लट येथे झाला आणि ते लहान असतानाच त्यांचे कुटुंब न्यूयॉर्कला गेले.

नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात असताना, १९६३ च्या सुमारास, बिअर्डन कोलाजकडे वळले. १९६४ मध्ये ‘प्रोजेक्शन्स’ या नावाने त्यांच्या कोलाजांच्या छायाचित्रीय विस्तारित प्रती प्रदर्शित झाल्या. नियतकालिकांतून कापलेले डोळे, हात, आफ्रिकी मुखवट्यांचे भाग यांतून त्यांनी एकेक चेहरा घडवला. दक्षिणेतील अंगणे, जडीबुटी जाणणाऱ्या स्त्रिया आणि पार्श्वभूमीवरून जाणारी आगगाडी ही त्यांची वारंवार येणारी चित्रे होत. आगगाडी हे निघून जाण्याचे साधन; म्हणून ती घराच्या प्रत्येक आठवणीत मागे उभी राहते.

येथेही कागदाचा उगम बोलका आहे. ज्यांच्या पूर्वजांची नावे गुलामगिरीच्या काळात मालमत्तेच्या यादीत लिहिली गेली, त्या समाजाचा कौटुंबिक दस्तऐवज अनेक ठिकाणी मुळातच तुटलेला होता. बिअर्डन यांनी खासगी स्मृतीसाठी सार्वजनिक मुद्रणाचा कागद वापरला. परिणामी एका चेहऱ्यात अनेक अनोळखी माणसांचे अवयव एकत्र आले. तो चेहरा कोणा एका नातलगाचा नाही. म्हणूनच तो एका समूहाचा होऊ शकला.

विवान सुंदरम : जपलेला संग्रह आणि त्याची फेरमांडणी

तिसरे उदाहरण भारताशी निगडित आहे. वरील दोन्ही उदाहरणांत कौटुंबिक कागद हाताशी नव्हते. येथे ते विपुल होते. उमरावसिंग शेरगिल (१८७०–१९५४) हे पंजाबातील सरदार घराण्यातील विद्वान व हौशी छायाचित्रकार होते. हंगेरियन गायिका मारी आंत्वानेत गोत्समान ही त्यांची पत्नी. त्यांची ज्येष्ठ कन्या, चित्रकार अमृता शेरगिल, हिचा जन्म १९१३ मध्ये बुडापेस्ट येथे झाला. १९२१ मध्ये हे कुटुंब भारतात आले. उमरावसिंग यांनी अनेक दशके स्वतःची व कुटुंबीयांची छायाचित्रे काढली. अमृता १९४१ मध्ये लाहोर येथे अकाली मरण पावली.

अमृताची बहीण इंदिरा हिचे पुत्र विवान सुंदरम (१९४३–२०२३) यांनी २००१–०२ मध्ये ‘री-टेक ऑफ अमृता’ ही मालिका केली. आजोबांची छायाचित्रे संगणकाच्या साहाय्याने एकत्र आणून त्यांनी वेगवेगळ्या काळांतील माणसे एकाच खोलीत उभी केली. त्यांत कापल्याची कड जवळजवळ दिसत नाही. श्विटर्स यांचा फाटका कागद फाटल्याचे सांगतो. सुंदरम यांचे चित्र मात्र जे कधी घडले नाही ते घडल्यासारखे दाखवते. संग्रह शाबूत असला तरी घर शाबूत असतेच असे नाही, ही जाणीव त्यातून येते. छायाचित्रे उरली, ज्या भेटी व्हायच्या राहिल्या, त्या कल्पनेनेच भरून काढाव्या लागल्या.

तुलना आणि मर्यादा

तिन्ही उदाहरणे एकत्र ठेवली असता तीन अवस्था स्पष्ट होतात. श्विटर्स यांच्याकडे नव्या देशाचा कागद आहे, बिअर्डन यांच्याकडे सर्वांसाठी छापलेला आणि सुंदरम यांच्याकडे घरचा. पहिल्यात वारसा अनुपस्थितीने सूचित होतो, दुसऱ्यात पर्यायाने, तर तिसऱ्यात फेरमांडणीने. तिघांपैकी एकानेही हरवलेले घर परत मिळवलेले नाही.

या वाचनपद्धतीला मर्यादाही आहेत. चिकटवलेला प्रत्येक कपटा आत्मचरित्राचा पुरावा मानणे योग्य ठरणार नाही. श्विटर्स अनेकदा एखादे तिकीट त्याच्या रंगासाठी व आकारासाठीच निवडत. निर्वासित होण्यापूर्वीही ते कपटेच वेचत होते, हेही विसरता येत नाही. म्हणून एकट्या चित्रावरून निष्कर्ष न काढता त्याचा काळ, कलावंताचा प्रवास आणि त्याच्या आधीच्या कृती यांच्याशी ताळा घेणे अगत्याचे ठरते.

समारोप

नष्ट झालेल्या मेर्त्सबाउच्या एका भागाची प्रतिकृती १९८० च्या दशकात हानोफरच्या श्प्रेंगेल संग्रहालयात जुन्या छायाचित्रांवरून उभारण्यात आली. एल्टरवॉटरच्या कोठारातील अपुरी भिंत १९६५ मध्ये न्यूकॅसल येथील हॅटन कलादालनात हलवण्यात आली. श्विटर्स यांचे अवशेषही १९७० मध्ये अँबलसाइडहून हानोफरला नेण्यात आले. प्रतिकृती आणि अवशेष जन्मगावी पोहोचले; त्यांच्या हातची अखेरची भिंत परक्या देशातच राहिली. स्थलांतरिताचा वारसा असा अनेक ठिकाणी विभागला जातो आणि त्याचा कोणताही एक तुकडा संपूर्ण नसतो. त्या तुकड्यांना सलग करून दाखवण्यापेक्षा त्यांमधील रिकाम्या जागा जशाच्या तशा वाचणे, हेच इतिहासलेखनाचे काम होय.