आबकारीचे गुरुत्व आणि जिभेची साक्ष

मध्ययुगीन इंग्लंडात बिअर ही पावासारखीच घरात होणारी वस्तू होती, आणि ती करणारी बहुधा घरची स्त्रीच असल्यामुळे तिच्यासाठी ‘ब्रूस्टर’ हा स्वतंत्र शब्दही त्या भाषेत रूढ होता. पुढे या घरगुती उद्योगात सरकारने लक्ष घातले. आणि १८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील, म्हणजे मोड आणून भाजलेल्या सातूवरील, जुना कर उठवून तो बिअरवर बसविला, तेव्हा घरच्यापुरती बिअर करणाऱ्यासही परवाना घेणे प्राप्त झाले. या कराचा हिशेब मोठा मासलेवाईक होता. पेय चांगले की वाईट, याच्याशी सरकारास कर्तव्य नव्हते. आंबण्यापूर्वीच्या गोड काढ्याचे विशिष्ट गुरुत्व मोजावे आणि १०५७ गुरुत्वाच्या ३६ गॅलनांस सव्वासहा शिलिंग वसूल करावेत, एवढाच आबकारीचा त्या पेयाशी परिचय. मुंबई इलाख्यातही १८७८ च्या आबकारी कायद्याने मोहाच्या फुलांची विनापरवाना भट्टी गुन्ह्याच्या सदरात घातली. त्या दारूच्या वासाचे नि चवीचे वर्णन दप्तरात शोधू जाणाऱ्याच्या हाती मात्र बहुधा जप्तीचे पंचनामेच लागतील.

इंग्लंडातील परवान्याची ही अट १९६३ साली अर्थमंत्री मॉडलिंग यांनी काढून टाकली. विक्रीची बंदी तेवढी कायम राहिली. अमेरिकेची कथा अधिक वाकडी आहे. तेथे १९२० पासून दारूबंदी होती, तरी माल्टच्या पाकाचे डबे किराणा दुकानांत राजरोस विकले जात. नाव पाव-बिस्किटांचे असे, परंतु त्यांतील कित्येक डब्यांत बिअरला कडवटपणा देणारे हॉप आधीच मिसळलेले असत, आणि कडू बिस्किटे कोण खातो हे विचारण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नसे. १९३३ मध्ये बंदी उठली. घरच्या वाइनला मुभा मिळाली, बिअरला मिळाली नाही. ती मिळावयास राष्ट्राध्यक्ष कार्टर यांची १४ ऑक्टोबर १९७८ ची स्वाक्षरी लागली, आणि तीही माणशी वर्षाला १०० गॅलनांच्या मर्यादेसह. शिवाय राज्यांचे कायदे निराळेच, त्यामुळे अलाबामा आणि मिसिसिपी येथील हौशी मंडळींना २०१३ पर्यंत तिष्ठत राहावे लागले.

परंतु मला या इतिहासात खरे कौतुक वाटते ते परवानगीचे नव्हे, तर तिच्यामागोमाग आलेल्या शब्दांचे. चोरून केलेली वस्तू माणूस चटकन पिऊन टाकतो. उजेडात केलेली तो पेल्यात धरून न्याहाळतो, हुंगतो, शेजाऱ्याला देतो आणि त्याच्या तोंडाकडे पाहत बसतो. मॉर्टेन मीलगार्ड या डॅनिश रसायनज्ञाने सत्तरीच्या दशकात बिअरच्या स्वादांचे जे चक्र सिद्ध केले, त्यात चौदा वर्गांत विभागलेल्या १२२ संज्ञा होत्या. ते मुळात कारखान्यांतील परीक्षकांसाठी होते, पण हौशी लोकांनी ते आपलेसे केले. गव्हाच्या जर्मन बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टमुळे येतो, १९७२ साली प्रसृत झालेल्या ‘कॅस्केड’ हॉपला पपनसाच्या जातीच्या फळाचा गंध असतो, उन्हात राहिलेल्या बाटलीस स्कंक नावाच्या प्राण्याची दुर्गंधी येते, असे ते आता ठामपणे सांगू लागले. (स्कंक आपण पाहिलेला नसल्याने ही उपमा आपल्यापुरती वाया गेली, पण ‘कुबट’, ‘खवट’, ‘आंबूस’, ‘करपट’ असे शब्द ज्या भाषेत स्वयंपाकघरातच तयार आहेत, तिला या चक्राचे विशेष भय वाटू नये.)

१९८५ मध्ये अमेरिकेत बिअर-परीक्षकांना प्रमाणपत्रे देण्याची व्यवस्था सुरू झाली. तिच्या पन्नास गुणांच्या तक्त्यात रूपाला तीन, गंधाला बारा आणि चवीला वीस गुण आहेत. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. तरी तक्त्याने सारे भागत नाही. लोण्याचा वास घ्या. डायअ‍ॅसिटिल नावाच्या द्रव्यापासून येणारा हा वास फिकट लागर बिअरमध्ये आला, तर परीक्षक नाक मुरडतो आणि गुण कापतो; तोच अगदी पुसटसा असा इंग्लिश एलमध्ये मात्र खपवून घेतला जातो. म्हणून पेला नाकाशी नेण्यापूर्वी परीक्षक आधी बिअरचे घराणे विचारतो.