सागर रक्षक दल (रायगड किनारा)

सागर रक्षक दल हे महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरील गावांतील स्वयंसेवकांचे संघटन असून ते स्थानिक पोलीस ठाण्यांच्या देखरेखीखाली काम करते. समुद्रावर व किनाऱ्यावर दिसणाऱ्या अनोळखी नौका, संशयास्पद वस्तू आणि अपरिचित व्यक्ती यांची माहिती पोलिसांना वेळेत देणे हा त्याचा मुख्य उद्देश आहे. संकटात सापडलेल्या नौकांना व बुडणाऱ्या माणसांना मदत करणे हे कामही व्यवहारात त्याच्याकडेच आलेले आहे. सदस्यांत मच्छीमारांचा भरणा मोठा आहे. त्यांना वेतन नसते. या लेखात प्रामुख्याने रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील दलाचा विचार केला आहे.

महाराष्ट्रात 'ग्रामरक्षक दल' या नावाचीही एक व्यवस्था आहे. ती दारूबंदी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनुसार अवैध दारूला आळा घालण्यासाठी निर्माण झाली. नावातील साधर्म्यामुळे दोहोंची गल्लत होते. प्रत्यक्षात त्यांचा परस्परांशी संबंध नाही.

पार्श्वभूमी

रायगड जिल्ह्याचा (१९८१ पूर्वीचे नाव कुलाबा) किनारा उत्तरेस उरणपासून दक्षिणेस सावित्री नदीच्या मुखाशी असलेल्या बाणकोट खाडीपर्यंत पसरलेला आहे. धरमतर, कुंडलिका व राजपुरी या खाड्यांनी तो जागोजागी तुटलेला आहे. खाड्यांच्या आत खारफुटीच्या आडोशाने होडी कोठेही लागू शकते. मुंबईची जवळीक आणि उतरण्याच्या असंख्य जागा यांमुळे सोन्याचांदीच्या चोरट्या व्यापाराला हा किनारा अनेक वर्षे सोयीचा ठरला. त्या काळी किनाऱ्यावर रात्री माल उतरतो हे गावोगावी ठाऊक होते, पण त्याविषयी बोलण्याची पद्धत नव्हती.

या मौनाची किंमत १९९३ मध्ये कळली. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे आरडीएक्स व शस्त्रे उतरवण्यात आली. त्याआधी जानेवारीत दिघी येथे उतरवलेला माल घेऊन निघालेली वाहने वाटेत गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवली होती. लाच घेऊन ती सोडून देण्यात आली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा मृत्यू झाला व सातशेहून अधिक लोक जखमी झाले. पुढे विशेष टाडा न्यायालयाने या खटल्यात काही पोलिसांना व सीमाशुल्क अधिकाऱ्यांनाही दोषी ठरवले. किनाऱ्यावर राखण करण्यासाठी पगारी यंत्रणा अस्तित्वातच होती आणि नेमकी तीच विकली गेली, ही या प्रकरणातील सर्वांत बोचणारी बाब होय. दलाची कल्पना समजून घेताना हा संदर्भ सहसा गाळला जातो.

स्थापना व विस्तार

बॉम्बस्फोटांनंतर ऑगस्ट १९९३ मध्ये नौदल, तटरक्षक दल व सीमाशुल्क विभाग यांची 'ऑपरेशन स्वान' ही संयुक्त गस्त महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यावर सुरू झाली. गस्तीची जहाजे खोल पाण्यात फिरू शकतात. उथळ खाडीत, खडकांच्या आसपास आणि मासे उतरवण्याच्या लहान धक्क्यांवर काय चालते हे त्यांना दिसत नाही. ती उणीव गावकऱ्यांच्या साहाय्याने भरून काढावी या विचारातून किनाऱ्यावरील गावांत स्वयंसेवकांचे गट उभे करण्यास सुरुवात झाली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर या कामाला अधिक निश्चित रूप आले. कराचीहून निघालेल्या दहा दहशतवाद्यांनी 'कुबेर' ही गुजरातची मासेमारी नौका बळकावली आणि शेवटचे अंतर रबरी होडीने कापून ते कफ परेड येथील मच्छीमार वस्तीत उतरले. उतरताना त्यांना तेथील कोळी बांधवांनी पाहिले होते, हटकलेही होते. या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. म्हणजे पाहणारे डोळे किनाऱ्यावर होतेच. त्यांनी पाहिलेले तातडीने कोणाला सांगायचे आणि सांगितल्यावर कोण ऐकणार, याची घडी बसलेली नव्हती. हल्ल्यानंतर सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्यात आली, दीपगृहांवर रडार बसू लागले आणि किनारी पोलीस ठाण्यांना बळ देण्यात आले. रायगड पोलिसांच्या हद्दीत मांडवा सागरी, दादर सागरी व दिघी सागरी ही अशी ठाणी आहेत. उरणचा किनारा मात्र नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे येतो. नकाशावर एकच दिसणारा हा किनारा कागदोपत्री असा विभागलेला आहे.

दलाचा उगम आंग्रेकालीन आरमाराशी जोडण्याची हौस कार्यक्रमपत्रिकांतून आढळते. कुलाबा, खांदेरी व पद्मदुर्ग डोळ्यांसमोर असता ती स्वाभाविक असली तरी त्या नात्याला इतिहासाचा आधार नाही. कोळीवाड्यांतील परस्परसाहाय्याची रीत हाच दलाचा खरा पूर्वज मानावा लागेल. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले. त्या वादळी समुद्रातून जे थोडे वाचले, त्यांतील काहींना मच्छीमारांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले होते.

कार्यपद्धती

गावातील इच्छुकांची नावे पोलीस ठाण्यात नोंदवली जातात. सदस्यांच्या बैठका ठाण्याचे अधिकारी घेतात व संपर्कासाठी दूरध्वनी क्रमांक दिले जातात. किनारी पोलिसांचा १०९३ व तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक यासाठी आहेत. सदस्याला अटक करण्याचा किंवा झडती घेण्याचा अधिकार नाही. त्याने पाहायचे, ओळखायचे आणि कळवायचे, एवढीच अपेक्षा असते.

यांपैकी 'ओळखणे' हे सर्वांत मोलाचे आहे. अनुभवी तांडेल नाळेच्या आकारावरून आणि बांधणीवरून नौका कोणत्या बंदराची हे दुरूनच सांगू शकतो. अंधारात इंजिनाच्या आवाजावरूनही गावची होडी परकीपासून वेगळी काढता येते. डोलजाळी कोठे लावलेली असतात, कोणत्या भरतीला कोणती होडी परतते, हे त्याला पाठ असते. त्यामुळे नेहमीच्या क्रमात बसत नसलेली गोष्ट त्याला चटकन खटकते. रडारला लहान लाकडी होडी दिसली, तरी ती तेथे का आली हे कळत नाही.

यंत्रणेची परीक्षा 'सागर कवच' या सरावातून घेतली जाते. त्यात सुरक्षा दलांतीलच एक गट घुसखोर बनून किनाऱ्यावर उतरण्याचा प्रयत्न करतो व दुसरा गट त्याला रोखतो. घुसखोरांचा सुगावा लागावा म्हणून या काळात दलाचे सदस्यही जागते असतात.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. समुद्रातील डोळे तेव्हा मिटलेले असतात आणि सारी भिस्त किनाऱ्यावरून पाहणाऱ्यांवर राहते.

उल्लेखनीय प्रसंग

१८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर 'लेडी हान' नावाची एक बेवारस नौका लागली. तिच्यावर तीन एके-४७ रायफली व काडतुसे सापडल्याने राज्यभर खळबळ उडाली. चौकशीत ही नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची असून मस्कतहून युरोपकडे निघाली होती, जूनमध्ये इंजिन बिघडल्यावर खलाशांची सुटका करण्यात आली आणि रिकामी नौका प्रवाहाबरोबर वाहत आली, असे राज्य सरकारने विधिमंडळात सांगितले. घातपाताचा संबंध आढळला नाही. परंतु शस्त्रे असलेली नौका किनाऱ्याला टेकेपर्यंत तिचा पत्ता लागला नव्हता, ही गोष्ट उरतेच. ती लागली तोही श्रीवर्धन तालुक्याचाच किनारा, शेखाडीपासून फारसा दूर नसलेला.

जीवरक्षणाचे प्रसंग संख्येने याहून अधिक असतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्यातील एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ 'अजंठा' ही प्रवासी बोट बुडू लागली असता पोलिसांच्या गस्ती नौकेने सर्व ८८ जणांना वाचवले. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत गेलेले पर्यटक भरती चढल्यावर अडकण्याचे प्रकार अलिबागला नवीन नाहीत. पाणी केव्हा फिरते हे स्थानिकांना घड्याळाशिवाय कळते. बाहेरून आलेल्याला ते कोणीतरी सांगावे लागते.

मर्यादा

दलाचे काम पूर्णपणे स्वेच्छेवर चालते. रात्रभर किनाऱ्यावर जागणाऱ्याचा दुसऱ्या दिवशीचा धंदा बुडतो व त्याची भरपाई नसते. मोठी घटना घडली की नोंदी वाढतात, बैठका होतात. वर्षे शांत गेली की उत्साह ओसरतो. शिवाय तरुण पिढी पर्यटनाकडे व मुंबईतील नोकऱ्यांकडे वळत असल्याने आवाजावरून होडी ओळखणाऱ्यांची संख्याही घटत चालली आहे. ही विद्या कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात दोन दिवसांत शिकवता येण्यासारखी नाही.

जुलै २०२५ मध्ये कोर्लईनजीक समुद्रात संशयास्पद वस्तू रडारवर दिसल्याने पोलीस, तटरक्षक दल व नौदल यांनी मोठी शोधमोहीम राबवली. ती नौका नसून पाकिस्तानी मासेमारी नौकेच्या जाळ्याचा वाहत आलेला बोया असल्याचे नंतर सांगण्यात आले.