इंदुरी खत

इंदुरास 1924 सालीं पिकांच्या, विशेषतः कापसाच्या, संशोधनासाठीं संस्था निघाली. तिचे संचालक आल्बर्ट हॉवर्ड यांच्यापुढें कोडें जुनेंच होतें : शेण गोवऱ्या होऊन चुलींत जातें, मग जमिनीला काय घालावें? त्यांनीं टाकाऊ पाल्याकडे पाहिलें. टणक पऱ्हाट्या रस्त्यावर पसरीत. गाड्यांच्या चाकांखालीं त्या आयत्याच चेंचल्या जात! मग त्यांचा व पाचोळ्याचा थर, त्यावर थोडें शेण, गोठ्यांतील मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख, पुनः पाचोळा. ढीग ओलसर हवा, चिंब नव्हे. पाण्यानें हवा कोंडली कीं दुर्गंधि सुटलीच. तीनदां वरखालीं केल्यावर सुमारें तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत खत हातीं येई. परसांतील वांगीं-भेंड्यांसाठीं हीच कृति लहान ढिगांत करतां येते. शेणहि थोडक्यांत भागतें.

1931 सालीं ही रीत ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. ‘इंदूर पद्धति’ हें नांव पुढें देशोदेशीं गेलें. त्या ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड मात्र मराठी घरांतहि फारसे कोणाला ठाऊक नाहींत.