खिशातलं पातं आणि बाबांचं गाडगं

आजचा विषय तळहातावर मावतो. गेल्या महिन्यात मी एक मल्टीटूल घेतलं. पक्कड, दोन स्क्रूड्रायव्हर, कात्री, कॅन ओपनर, छोटी कानस आणि तीन इंचांहून थोडं कमी असं एक पातं. यूट्यूबवर या नादाला 'एव्हरीडे कॅरी' म्हणतात. अमेरिकेतला कोणी भाऊ टेबलावर पाकीट, टॉर्च, चाकू असं ओळीनं मांडतो, आपण रात्री एक वाजता ते बघतो आणि कार्टमध्ये टाकून मोकळे होतो. माझंही असंच झालं. प्रश्न नंतर पडला. हे रोज खिशात ठेवायचं का? मी राहतो अमरावतीत, घर अकोल्याकडे. म्हणजे हा प्रश्न दर शुक्रवारी शंभरेक किलोमीटर प्रवास करतो.

आधी ही वस्तू आली कुठून ते पाहू. स्वित्झर्लंडच्या सैन्यानं 1889 मध्ये नवी रायफल घेतली. ती उघडायला स्क्रूड्रायव्हर लागायचा. जेवण डब्याबंद यायचं, त्याला ओपनर हवा. मग एकाच मुठीत पातं, टोचा, ओपनर आणि स्क्रूड्रायव्हर बसवला. पहिली खेप जर्मनीहून आली. इबाख गावचा कारागीर कार्ल एल्सनर याला ते खटकलं आणि 1891 पासून त्यानं स्वतः सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. 1897 मध्ये त्यानं अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला, त्यात बाटलीचं बूच काढायचा स्क्रूही होता. अधिकारी कुठलाही असो, त्याच्या गरजा वेगळ्याच असतात!

पक्कडवालं मल्टीटूल फार नंतरचं. टिम लेदरमन हा अमेरिकेतल्या ओरेगॉनचा मेकॅनिकल इंजिनिअर. 1975 मध्ये बायकोबरोबर एका जुनाट फियाटमधून युरोप फिरत होता. गाडी बंद पडायची, हॉटेलचे नळ गळायचे, आणि याच्या खिशात साधा स्काउटचा चाकू. पक्कड पाहिजे होती, असं त्याला सारखं वाटत राहिलं. घरी परतून तो गॅरेजमध्ये बसला. 1980 मध्ये पेटंट मिळालं, पण कंपन्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. शेवटी 1983 मध्ये माल विकला गेला. योगायोग म्हणजे त्याच वर्षी 1 मे रोजी आपलं अमरावती विद्यापीठ सुरू झालं. त्या विद्यापीठाला पुढे ज्यांचं नाव दिलं, त्यांच्याकडे मी येणारच आहे.

पण 'सुरुवात' हा शब्द मला आता नीट वाटत नाही. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातलं, साधारण तिसऱ्या शतकातलं घडीचं अवजार आहे. चमचा, काटा, पातं, दातकोरणं, सगळं एकात. त्याच्याही खूप आधी हडप्पाच्या उत्खननात तांब्याचा संच सापडला: कानकोरणं, टोचणी आणि चिमटा, एकत्र अडकवलेले. हे वाचलं आणि मी थांबलो, कारण माझ्या आजीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात चांदीचं कानकोरणं आणि दातकोरणं एका कडीत होतं. लहानपणी मी ते खेळायला घ्यायचो आणि पाठीत धपाटा खायचो.

मल्टीटूल आबाजींना दाखवलं. वय चौऱ्याऐंशी, शेती आता काका बघतात. त्यांनी ते उलटंपालटं केलं.

"काय होय हे?"

"दहा कामं होतात आबाजी यानं."

"दहा? कायले पायजेत दहा?" असं म्हणून त्यांनी बटवा काढला. कापडी, अनेक कप्प्यांचा, दोरी ओढली की तोंड बंद. सुपारी, तंबाखू, चुन्याची डबी, अडकित्ता. त्यांच्या वडिलांच्या बटव्यात चकमकही असायची म्हणाले: लोखंडाची पट्टी, गारेचा तुकडा आणि ठिणगी धरायला कापूस. कापूस तर काय, वऱ्हाडात हात घालावा तिथे. अडकित्त्याने सुपारी कातरतात, पण आबाजींनी त्यानं सुतळी कापली आहे, पोत्याची शिवण उसवली आहे, आणि एकदा म्हणे वायरही सोलली आहे. "आमाले कोनी इचारलं नाही कधी, खिशात काय हाय म्हून," ते म्हणाले.

हे शेवटचं वाक्य डोक्यात राहिलं. कारण विचारायला सुरुवात तर फार आधी झाली होती. व्हाइसरॉय लिटनच्या काळात, 1878 मध्ये, शस्त्र कायदा आला. हिंदुस्थानी माणसाला शस्त्रासाठी परवाना, युरोपियनांना मात्र सूट. म्हणजे वस्तू तीच, पण ती कोणाच्या हातात आहे ते पाहून कायदा बदलणार. स्वातंत्र्यानंतर 1959 चा शस्त्र अधिनियम आला, त्यात तो भेद नाही. मी सगळ्या तरतुदी वाचून दाखवणार नाही, झोप येईल. कामाचं एवढंच: नियमांप्रमाणे नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं असेल तर ते शस्त्रांच्या यादीत जातं, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा कारखान्यातल्या कामासाठी बनवलेलं पातं त्यातून वगळलेलं आहे. माझं तीन इंचांच्या आत. मी खूश.

खुशी टिकली अर्धा तास. कारण महाराष्ट्र पोलीस अधिनियम नावाचा 1951 चा कायदा आहे, त्याचं कलम 37. तणाव असेल, सण असेल, मोर्चा असेल, तर शहरात पोलीस आयुक्त आणि इतरत्र जिल्हा दंडाधिकारी सार्वजनिक जागी काही वस्तू बाळगायला बंदी घालू शकतात. त्यात तलवार, भाला, बंदूक आहेच. चाकूही आहे, काठी आणि लाठीही आहे, आणि शेवटी इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू. असे आदेश पंधरा-पंधरा दिवसांसाठी निघत राहतात. पेपरात आतल्या पानावर येतात, आपण पान उलटतो. गंमत अशी की 1959 च्या शस्त्र कायद्यात लाठीचं नाव घेऊन सांगितलंय की केवळ घरच्या-शेताच्या कामाची असेल तर हे शस्त्र नाही. म्हणजे एका कायद्यात जी काठी शेतकऱ्याची, तीच दुसऱ्या कायद्यात त्या पंधरा दिवसांपुरती हत्यार. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबल तेच, स्कोप बदलला.

आणि आपल्याकडे स्कोप कसा बदलतो ते आपण पाहिलंय. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत दंगल झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. मी ऑफिसला काय कारण सांगू याचा विचार करत गच्चीवर बसलो होतो. मे 2023 मध्ये अकोल्यात तेच. दोन्ही वेळा रस्त्यावर नाकाबंदी.

माझ्याबरोबर शुक्रवारी अकोल्याला एक मित्र असतो. कॉलेजपासूनचा, आम्ही दोघंही बॅकएंडवाले. तो मुसलमान आहे. एकदा अशाच दिवसांत एका नाक्यावर आम्हाला थांबवलं. माझं आधारकार्ड पाहून परत दिलं. त्याचं पाहिलं आणि बॅग उघडायला सांगितली. आत लॅपटॉप, चार्जर आणि त्याच्या अम्मीनं दिलेला डबा. काही झालं नाही, दोन मिनिटांत निघालो. कोणी ओरडलंही नाही. मी ते विसरूनही गेलो होतो.

मल्टीटूल दाखवल्यावर तो हसला. पातं उघडलं, बंद केलं, माझ्या हातात परत दिलं. "मस्त आहे यार. तू ठेव. तुझ्याकडे सापडलं तर ते टूल आहे. माझ्याकडे सापडलं तर चाकू." पुढे त्यानं लगेच क्रिकेटचा विषय काढला. मी मात्र मनातल्या मनात त्या बॅगेत हे मल्टीटूल ठेवून पाहिलं. त्या दिवशी दोन मिनिटं लागली होती, मग किती लागली असती?

आता गाडगेबाबा. डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. वाढले अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला, मामाकडे, शेतीत. म्हणजे माझा शुक्रवारचा रस्ता जे दोन जिल्हे जोडतो, तेच त्यांचं बालपण. 1905 मध्ये घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि काठी, आणि डोक्यावर मडक्याचं गाडगं.

त्या गाडग्याकडे मी आधी कधी इंजिनिअरच्या नजरेनं पाहिलंच नव्हतं. शाळेत चित्र रंगवायचो तेव्हा ती टोपीच वाटायची. पण बघा, डोक्यावर पालथं घातलं की ऊन-पाऊस अडतो. उलटं केलं की त्यात भाकर-कालवण. धुतलं की पाणी प्यायचं भांडं. एक वस्तू, तीन कामं, बिजागरी नाही, गंज नाही, फुटलं तर कुंभाराकडे दुसरं. माणसाला नावच त्यावरून पडलं. रोज जवळ बाळगलेल्या वस्तूवरून ओळखला जाणारा याच्याइतका मोठा माणूस मला तरी दुसरा आठवत नाही.

आणि खराटा. बाबा गावात शिरले की आधी रस्ता झाडायला लागायचे. फुकटची भाकर घेत नसत, काम करून मगच. संध्याकाळी कीर्तन, त्यात लोकांच्या डोक्यातला कचरा. लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि बाबांच्या हातात शेवटपर्यंत तोच खराटा. 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, प्रवासातच ते गेले. माझी खोली गाडगेनगरपासून फार लांब नाही. समाधीवरून रोज जातो, कानात इयरफोन.

खराटा दुसऱ्याच्या दारासमोर चालायचा. हे लक्षात आल्यावर मी फोनमधली माझी नोंद उघडली. हो, मी नोंद ठेवत होतो, सवय वाईट. महिनाभरात मल्टीटूल एकवीस वेळा काढलं होतं. घरमालक काकूंच्या मिक्सरचा प्लग, शेजारच्या पोराच्या सायकलचं मडगार्ड, मेसमधली डगमगणारी खुर्ची, असलीच कामं. माझी स्वतःची कामं सहा. पातं चार वेळा, चारही वेळा कुरिअरचे खोके. खोका तर किल्लीनंही फाटतो.

मग मी पातं नसलेलं एक छोटं मॉडेल घेतलं. पक्कड, कात्री, स्क्रूड्रायव्हर, बस. विमानात चालावं म्हणून असे प्रकार काढतात. मोठं मल्टीटूल टेबलाच्या खणात, सोल्डरिंग गनशेजारी. घाबरलास का, असं एका मित्रानं विचारलं. थोडा घाबरलो, हो. पण त्याहून जास्त मला हे नको होतं की जी वस्तू मी बिनधास्त बाळगतो, तीच माझ्या बाजूच्या सीटवरच्या माणसाला हातात धरतानाही विचार करावा लागतो.

परवाच्या शुक्रवारी आम्ही निघालो. लोणी ते मानाचा तो पट्टा आला, 75 किलोमीटरची डांबरी लेन 105 तास 33 मिनिटांत टाकून जून 2022 मध्ये गिनीज बुकात गेला तोच. तिथे माझी ही माहिती ऐकायचा आता त्याला कंटाळा येतो. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तर त्याच्या चष्म्याची दांडी लोंबत होती, स्क्रू ढिला. मी छोटं टूल पुढे केलं. त्यानं चहाच्या टेबलावर चष्मा ठेवला, डोळे बारीक करून स्क्रू आवळला, चष्मा घातला, आणि बोलता बोलता टूल स्वतःच्या खिशात टाकलं. मी अजून परत मागितलेलं नाही.