कागदावरचे धान्य

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की दक्षिण सोलापूर तालुक्यातले वळसंग लागते. मुलूख ज्वारीचा, भरवसा पावसाचा, आणि पाऊस लहरी. येथून एस. टी. धरून सोलापुरास कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींपैकी ज्यांनी बी. ए. ला अर्थशास्त्र घेतले असेल, त्यांच्यापुढे भारत आणि चीन ह्यांच्या तुलनेचा प्रश्न आज ना उद्या येऊन उभा राहतोच. चीन हे नाव सोलापूरकरांना परके नाही. १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर तिकडे गेलेले आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथेच देह ठेवलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस ह्याच शहरचे. पण कोटणिसांची कथा काळजाला भिडते आणि अर्थशास्त्राचा तक्ता डोळ्यांवरून घसरून जातो. वास्तविक त्या तक्त्यातही माणसेच आहेत. ती दिसायला मात्र आकड्याकडे खेड्यातल्या नजरेने पाहावे लागते.

ही नजर आपल्याला आणेवारीने दिली आहे. पीक सोळा आणे की सहा आणे हे ठरवण्याची इंग्रजांच्या काळापासूनची ही रीत. पुढे नाणे बदलले तशी आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली की टंचाई मानायची आणि सारा तहकूब व्हायचा. त्यामुळे सरकारी माणूस पीक चढवून सांगणार आणि शेतकरी उतरवून सांगणार, हा वाद गावोगाव ठरलेला. शेतात उभ्या असलेल्या ज्वारीला ह्या वादाचा पत्ता नसतो. पण वादाला दोन बाजू असतात, आणि दोघांनाही तोंड असते. चीनमध्ये १९५८ साली ह्यातले एक तोंड बंद झाले.

त्याआधीची दोन वर्षे महत्त्वाची आहेत. १९५६ साली भारत सरकारने चीनमधली सहकारी शेती पाहण्यासाठी एक शिष्टमंडळ पाठवले. त्याचे नेते होते नागपूरचे आर. के. पाटील. आय. सी. एस. ची नोकरी सोडून राष्ट्रीय चळवळीत आलेला आणि पुढे नियोजन मंडळावर बसलेला हा माणूस. निष्ठेबद्दल कोणी शंका घेऊ नये असा. ह्या मंडळींनी जे पाहिले ते डोळे दिपवणारे होते. १९५५ च्या मध्यावर चीनमधली शेकडा चौदा-पंधरा कुटुंबे सहकारी शेतीत होती. १९५६ संपता संपता ती शेकडा शहाण्णव झाली. १९५७ साली अहवाल निघाला आणि आपणही ही वाट धरावी असा कौल बहुमताने दिला. दोन सभासदांनी मात्र आपली भिन्नमतपत्रिका जोडली. सहकारामुळेच पीक वाढले हे सिद्ध झालेले नाही, आणि इतक्या वेगाने झालेला सहकार स्वखुशीचा कसा मानावा, असा तिचा एकूण सूर होता. माझ्या मते चीनच्या अर्थव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्याने बहुमताचा अहवाल वाचावाच, पण तो ह्या पत्रिकेच्या शेजारी ठेवून. पाहुण्याला गाव दाखवताना यजमान कोणती गल्ली दाखवतो, हे आपल्याला ठाऊक असतेच!

१९५८ मध्ये साडेसात लाखांच्या आसपास सहकारी संस्था मोडून त्यांचे सव्वीस हजारांवर कम्यून करण्यात आले. घरच्या चुली विझल्या, सामुदायिक भोजनगृहे निघाली. गडी परसातल्या भट्ट्यांवर पोलाद वितळवण्यात गुंतले, आणि कितीतरी ठिकाणी पीक शेतातच राहिले. तरी वरून विचारणा झाली की प्रत्येक कम्यूनने शेजारच्यापेक्षा मोठा आकडा द्यावा. कमी सांगणारा मागासलेला ठरे, कदाचित शत्रूही. सगळी बेरीज होऊन देशाचे धान्य ३७.५ कोटी टन जाहीर झाले; म्हणजे आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट! पुढच्या वर्षी तोच आकडा २५ कोटींवर आला आणि कालांतराने २० कोटींवर स्थिरावला. पीक एक, आकडे तीन.

पण सरकारी वसुली कागदावरच्या धान्यावर झाली. १९५९ चे खरे पीक सुमारे १७ कोटी टन, त्यातले शेकडा चाळीसच्या घरात सरकारने उचलले, आणि त्याच वर्षी चाळीस लाख टनांवर धान्य परदेशी विकले. संरक्षणमंत्री फंग तहुआय ह्यांनी लूशानच्या बैठकीत ह्याविरुद्ध शब्द काढला, तर त्यांचेच पद गेले. १९५९ ते १९६१ ह्या तीन वर्षांत किती माणसे भुकेने गेली? कमीत कमी अंदाज दीड कोटीचा, पुष्कळांचा तीन कोटींचा, काहींचा त्याहूनही वर. १९५९ च्या जानेवारीत नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव होत होता, तेव्हा हे अरिष्ट सुरू झाले होते आणि इकडे कोणाला त्याची वार्ता नव्हती.

आता वळसंगच्या म्हाताऱ्यांना विचारा. बहात्तरचा दुष्काळ म्हटले की ते मिलोची भाकरी, सुकडी आणि खडी फोडण्याची कामे सांगतील. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. हाल झाले, गुरे गेली, परंतु चीनसारखा संहार झाला नाही. वर्तमानपत्रे ओरडत होती, विधानसभेत प्रश्न विचारले जात होते, मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर ह्यांच्याबरोबर बाया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरत होत्या. अमर्त्य सेन ह्यांनी भारत-चीन तुलनेत नेमका हाच धागा पकडला.

मात्र सेन ह्यांचा दुसरा अर्धा भाग आपण सोयीने विसरतो. दुष्काळाच्या वर्षी जागे होणारे आपण, रोजच्या अर्धपोटी भुकेपुढे निवांत राहिलो. १९८० च्या सुमारास चिनी माणसाचे सरासरी आयुष्य पासष्टच्या आसपास होते, आपले चौपन्नच्या. खेड्यातली शाळा आणि दवाखाना ह्या दोन गोष्टींत त्यांनी आपल्याला मागे टाकले होते, आणि पुढे कारखाने आले तेव्हा शिकलेले, धडधाकट हात तयार होते. १९८० च्या आसपास दरडोई उत्पन्नात दोघे जवळजवळ बरोबरीचे; आज ते आपल्या सुमारे पाचपट आहे.

शेतीची गाठ मात्र सुटली ती आन्हुई प्रांतातल्या श्याओकांग नावाच्या लहानशा गावात. १९७८ च्या अखेरीस तिथल्या अठरा शेतकऱ्यांनी गुपचूप कागद करून जमीन घरोघर कसायला वाटून घेतली. ठरलेला वाटा सरकारला, उरलेले आपले. पुढे हीच रीत देशभर झाली, १९८४ पर्यंत कम्यून मोडले, आणि धान्य ४० कोटी टनांवर गेले. १९५८ साली फुशारकीने जाहीर केलेला आकडा पंचवीस वर्षांनी खळ्यावर प्रत्यक्ष ओलांडला गेला, तो वेगवेगळ्या चुली पुन्हा पेटल्यावर.