शिष्यवृत्ती, करार आणि उसने पाच हजार : एका पदवीचा हिशेब

१/ परदेशी विद्यापीठ निवडताना पहिला प्रश्न पैशाचा असतो. दुसरा, त्या पैशाच्या मोबदल्यात काय द्यावे लागणार, हा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाचा इतिहास या दोन्ही प्रश्नांचा इतिहास आहे.

२/ फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील रामजी सुभेदार निवर्तले. घरात शिक्षणासाठी शिल्लक नव्हती. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली : दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. तेव्हाच्या १५ रुपयांना एक पौंड या दराने महिन्याला सुमारे १७२ रुपये.

३/ मात्र ही देणगी निखळ नव्हती. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. म्हणजे कर्ज होतेच. फक्त ते रुपयांत नव्हे, आयुष्याच्या वर्षांत फेडायचे होते.

४/ १९१५ मध्ये एम.ए. झाले. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे नाव नोंदवले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची परवानगी तेवढी हाती होती.

५/ कराराप्रमाणे ते बडोद्याला रुजू झाले. कचेरीत अस्पृश्यतेची वागणूक मिळाली आणि राहायला कोणी जागा देईना. पारशी विश्रामगृहात आश्रय घेतला, तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना हुसकावले. करारात दहा वर्षांच्या सेवेची अट होती; सेवकाला गावात छप्पर मिळेल याची हमी नव्हती. परतफेडीचा मार्ग जातिव्यवस्थेनेच बंद केला.

६/ आता दुसरा मार्ग. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ४५० रुपये पगारावर प्राध्यापकी आणि काटकसर. १९२० मध्ये स्वतःची बचत, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. मित्राच्या कर्जात नोकरीची अट नव्हती.

७/ पण रुपयाच घसरला. १९२० मध्ये सरकारने एक रुपया म्हणजे २ शिलिंग असा दर ठरवला. १९२१ मध्ये बाजारातील दर १ शिलिंग ४ पेन्सच्या आसपास उतरला. पाच हजार रुपयांचे सरकारी हिशेबाने ५०० पौंड व्हायचे; नव्या दराने जेमतेम ३३३. शुल्क मात्र पौंडांतच भरायचे होते.

८/ १९२१ मध्ये एम.एस्सी., पुढे बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. त्या प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. चलनाचा दर ढासळला की सामान्य माणसाच्या हाती काय उरते, हे अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खिशालाही त्याच काळात त्या दराची झळ बसत होती.

९/ या हिशेबात तीन प्रकारचा पैसा दिसतो. शिष्यवृत्तीने दार उघडले, पण शाखा आणि मुदत देणाऱ्याने ठरवली. पगाराने स्वातंत्र्य दिले, पण त्यात वेळ खर्ची पडला. कर्जाने वेळ वाचवला, पण विनिमयदराची जोखीम घेणाऱ्याच्या माथी आली.

१०/ आकडा कर्जाच्या कागदावर असतो. अट कोणती, ती पाळणे आपल्या हाती आहे का आणि न पाळता आल्यास काय, हे प्रश्न मात्र विद्यार्थ्यालाच विचारावे लागतात. १९१३ सालीही तसेच होते.